जुना ट्रेलर नवा करताना : सुरुवात कुठून?

उन्हाळ्यात मुलांना घेऊन नॅशनल पार्कला जायचे म्हटले की मोटेलचा खर्च डोळ्यांपुढे येतो. मग साठ-सत्तरच्या दशकातला एखादा ट्रॅव्हल ट्रेलर स्वस्तात घेऊन दुरुस्त करावा, असे वाटते. आमच्या ड्राइव्ह-वेमध्ये सध्या असा १९६८ सालचा सोळा फुटी ट्रेलर उभा आहे. तो पाहून काही मित्रांनी सुरुवात कशी करावी असे विचारले, म्हणून हे टिपण.

एक गोष्ट आधीच सांगतो. विक्रेत्याने सांगितलेली किंमत हा खर्चाचा लहान भाग असतो. मोठा भाग किती, हे आत मुरलेले पाणी ठरवते. म्हणून रंगाचा डबा उघडण्यापूर्वी पुढील क्रमाने तपासणी करावी.

१. कागदपत्रे : ट्रेलरवरचा नंबर टायटलशी जुळतो का ते पाहा. सतरा आकडी-अक्षरी नंबर १९८१ पासून सक्तीचा झाला, त्यामुळे जुन्या ट्रेलरचा नंबर आखूड असतो. काही राज्ये जुन्या ट्रेलरला टायटल देत नाहीत. तेथे आधीची नोंदणी आणि विक्रीपत्र जपून ठेवावे. पैसे देण्यापूर्वी आपल्या राज्याच्या मोटार खात्यात चौकशी करावी.

२. ओल : बऱ्याच जुन्या ट्रेलरांत बाहेरच्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो. एअरस्ट्रीमचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असला तरी जुन्या मॉडेलांची जमीन प्लायवुडची आहे. खिडक्यांखाली, कोपऱ्यांत आणि छतावरच्या झडपेभोवती टोच्याने टोचून पाहावे. लाकूड मऊ लागले तर तेथे पाणी मुरले आहे. आधी छत व सांधे नव्या सीलंटने बंद करावेत, मगच आतले काम काढावे. उलट केल्यास नवे लाकूडही कुजते.

३. चौकट आणि वजन : खालच्या लोखंडी चौकटीचा गंज, आस, ब्रेक व टायर तपासावेत. टायरवरील डीओटी क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा व वर्ष सांगतात. उदाहरणार्थ, ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनापैकी १० ते १५ टक्के भार गाडीच्या हुकावर यावा. ३,००० पौंडांना तो ३०० ते ४५० पौंड होतो. जड फरश्या आणि कपाटे मागच्या बाजूला बसवली तर हा भार कमी होतो आणि हायवेवर ट्रेलर हेलकावे खातो.

४. आरोग्य : घरगुती रंगांत शिसे वापरण्यास अमेरिकेत १९७८ साली बंदी आली. जुन्या फरशीत व तिच्या गोंदात ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून प्रयोगशाळेकडून तपासून घेतल्याखेरीज काहीही घासू नये आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये. कट्रीना वादळानंतर निर्वासितांना दिलेल्या ट्रेलरांत फॉर्माल्डिहाइडचे प्रमाण जास्त असल्याचे सीडीसीने २००८ साली जाहीर केले. बंद, लहान जागेत ही वाफ साठते. नवे प्लायवुड घेताना ‘टीएससीए टायटल सहा’ हे लेबल पाहावे. प्रोपेन हवेपेक्षा जड असल्याने त्याचा सूचक जमिनीलगत लावावा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र वेगळा हवा. गॅसची जुनी नळी जाणकाराकडून दाबाखाली तपासून घ्यावी.

५. पैसा : तपासणीनंतर कामांची यादी करून अंदाजावर चौथा हिस्सा वाढवावा. हा आकडा चांगल्या स्थितीतल्या ट्रेलरच्या किमतीपेक्षा बराच जास्त निघाला आणि हौस तेवढी नसेल, तर नमस्कार करून परत यावे. झोपण्याची, स्वयंपाकाची व शौचालयाची सोय असलेला ट्रेलर आयआरएसच्या नियमांत दुसरे घर ठरू शकतो. मात्र व्याजाची वजावट मिळण्यासाठी कर्ज त्याच ट्रेलरच्या तारणावर हवे आणि आपण आयटमाइज करायला हवे. क्रेडिट कार्डावर केलेल्या दुरुस्तीला हा फायदा नाही. विमा घेताना ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ पॉलिसी मागावी. नाहीतर नुकसान झाल्यास जुन्या ट्रेलरची घसारा वजा जाता उरलेली किंमतच हाती पडते. त्यासाठी पावत्या व फोटो पहिल्या दिवसापासून ठेवावेत.

कुणी ट्रेलर पाहायला जाणार असेल तर जरूर कळवावे. टोच्या घेऊन मी बरोबर येईन.