घाटाची उतरण आणि उसने ब्रेक

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेस असलेले जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके पश्चिमेकडे सह्याद्रीच्या माथ्याला भिडलेले असल्यामुळे, येथे मोटार बाळगणाऱ्या माणसाला चढणीइतकीच उतरणीचीही चिंता वाहावी लागते. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे क्रेट भरून निघालेला पिकअप ओतूर आणि मढ मागे टाकून माळशेज घाटाने कल्याणकडे उतरतो. डिंभे धरणाच्या बाजूने भीमाशंकराकडे गेलेली जीप माणसांनी भरून पुन्हा घोडेगावाकडे खाली येते. अशा रस्त्यांवर वर्षानुवर्षे राबलेल्या जुन्या गाडीच्या मालकाला, नवी गाडी घेण्याची ऐपत नसताना, दुसऱ्या एखाद्या मोठ्या किंवा नव्या मॉडेलचे ब्रेक थोडक्या खर्चात आपल्या गाडीवर चढवून घ्यावेत असे वाटू लागले, तर त्यात गैर काहीच नाही. परंतु ब्रेक ही पेडलापासून टायरपर्यंत एकमेकांशी जुळवलेल्या भागांची व्यवस्था असल्याने, तिच्यातील एकच भाग बदलून बाकीचे तसेच ठेवणारा मालक पुष्कळदा पैसेही घालवतो आणि सुरक्षितताही.

घाटात ब्रेकवर नेमका काय प्रसंग येतो, हे थोड्या हिशेबाने स्पष्ट होते. दीड टन वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवताना सुमारे २ लाख ८ हजार ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तीच गाडी ५०० मीटर खाली उतरते तेव्हा सुमारे ७३ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते; म्हणजे इंजिन, हवा आणि टायर यांनी आपला वाटा उचलला नाही, तर ब्रेकना एका उतरणीत ताशी ६० च्या वेगावरून ३५ वेळा गाडी थांबवण्याइतकी उष्णता पचवावी लागेल. डिझेल वाचवण्याच्या हेतूने गाडी न्यूट्रलमध्ये सोडून घाट उतरण्याची जी सवय काही चालकांना जडलेली असते, ती इंजिनाचा हा वाटा काढून घेऊन सारा भार ब्रेकवर टाकते, आणि म्हणूनच ती घातक आहे. सपाट रस्त्यावर जे ब्रेक चाके जाम करू शकतात, त्यांच्या जागी मोठे ब्रेक बसवल्याने थांबण्याचे अंतर फारसे घटत नाही, कारण तेथे मर्यादा टायरच्या पकडीची असते. मोठ्या ब्रेकचा खरा लाभ ही घाटातली उष्णता झेलून ती हवेत सोडण्यात आहे.

जुन्या जीपला चारही चाकांवर ड्रम असत. ड्रम तापला की प्रसरण पावून शूपासून दूर सरकतो, लायनरचे घर्षण कमी होते आणि पेडल खाली खाली जाऊ लागते. डिस्क उघडी असल्यामुळे तिला वारा लागतो, आणि तापून ती फुगली तरी पॅडच्या दिशेनेच फुगते. डिस्क ब्रेकची योग्यता १९५३ साली जग्वार गाडीने ल मान्सची शर्यत जिंकली तेव्हा सर्वांच्या नजरेत भरली. त्यानंतर पुढच्या चाकांना डिस्क आणि मागच्यांना ड्रम ही रचना मोटारींमध्ये रूढ झाली. विलीज घराण्याच्या प्रारंभीच्या जीपना नऊ इंची ड्रम होते आणि त्याच घराण्यातील पुढच्या जीपना अकरा इंची आले, तेव्हा जुन्या जीपवर नव्या जीपचे ड्रम चढवण्याचा मार्ग अनेक मालकांनी पत्करला. व्यास नवाचा अकरा इंच झाला की तेवढ्याच जोरात चाक थोपवण्याची शक्ती सुमारे २२ टक्क्यांनी वाढते, शिवाय उष्णता साठवायला लोखंडही अधिक मिळते. आपल्याकडे जुन्या जीपला पुढे बोलेरोच्या जातीची डिस्क बसवण्यामागे विचार हाच असतो.

खरी कसोटी पुढे आहे. पेडल दाबल्यावर मास्टर सिलिंडर जो दाब निर्माण करतो, तो ब्रेक ऑइलमधून चारही चाकांपर्यंत सारखाच पोहोचतो. प्रत्येक चाकावरचा जोर तेथील पिस्टनच्या क्षेत्रफळावर ठरतो. कॅलिपरचा पिस्टन ४८ मिलिमीटरऐवजी ५४ मिलिमीटर व्यासाचा घेतला, तर जोर सुमारे २७ टक्क्यांनी वाढतो, परंतु तो तितकाच सरकवण्यास ऑइलही त्याच प्रमाणात अधिक लागते, आणि जुना बारीक मास्टर सिलिंडर तसाच ठेवला तर पेडल खोल जाते. मोठा मास्टर सिलिंडर लावावा तर पायाला जोर अधिक द्यावा लागतो, सबब बूस्टरची तजवीज करावी लागते. ड्रमसाठी बनवलेल्या पुष्कळ जुन्या मास्टर सिलिंडरांत पाइपमध्ये थोडा दाब धरून ठेवणारी एक लहानशी झडप असते. तिच्यामुळे ड्रमच्या व्हील सिलिंडरांत हवा शिरत नाही. मात्र ती तशीच ठेवून पुढे डिस्क बसवल्यास पाय काढल्यावरही पॅड डिस्कला घासत राहतात, आणि घाट सुरू होण्यापूर्वीच ब्रेक तापलेले असतात. बसवून झाल्यावर मोकळे चाक जॅकवर हाताने फिरवून पाहिले, तर हा दोष तेथल्या तेथे सापडतो.

पुढच्या आणि मागच्या चाकांतील समतोलही तितकाच महत्त्वाचा आहे. ब्रेक लावताच भार पुढे झुकतो व मागची चाके हलकी होतात. ती आधी जाम झाली तर गाडी आडवी फिरते. पिकअपच्या मागच्या धुरीजवळ बहुधा भारानुसार मागचा दाब कमीजास्त करणारी झडप असते. ती बिनदिक्कत काढून टाकणे म्हणजे रिकामी गाडी पावसाळी वळणावर संकटात लोटणे होय. ज्या गाडीला एबीएस आहे, तिच्या ब्रेकमध्ये तर गॅरेजच्या पातळीवर फेरफार करूच नयेत.

यावरून खरेदीचा नियम ठरतो. शक्यतो त्याच घराण्यातील, वजनाने आपल्या गाडीच्या जवळपास असलेल्या मॉडेलचा पूर्ण संच घ्यावा: हब, डिस्क, कॅलिपर, त्याची बैठक, मास्टर सिलिंडर आणि बूस्टर. पुण्यातील वेताळ टेकडीवर कार्यालय असलेली एआरएआय ही १९६६ साली स्थापन झालेली संस्था नव्या मॉडेलचे ब्रेक थंड असताना व तापल्यावरही तपासते. पूर्ण संच उचलणारा माणूस त्या तपासणीच्या लाभाचा काही अंश तरी आपल्या पदरात पाडून घेतो. सामान घेताना स्टडची मांडणी, हबचे भोक आणि रिमच्या आत कॅलिपरला मोकळी जागा यांची खातरजमा करावी. डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीखाली ती झिजलेली नाही हे मापून पाहावे. आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून ब्रेकचा होज ताणला जात किंवा घासत नाही ना, ते तपासावे. जुन्या बाजारातील लोखंड मापात असेल तर चालेल. रबरी सील, होज, पॅड आणि लायनर मात्र नवेच हवेत, येथे काटकसर करू नये.

कायद्याची बाजूही नजरेआड करून चालणार नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ वाहनातील फेरफारांवर बंधन घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ अन्वये परवानगी नसलेल्या रीतीने भाग बसवणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. या दोन तालुक्यांतील मालकांनी काम हाती घेण्यापूर्वी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडे व आपल्या विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर दाव्याच्या वेळी तोच दस्तऐवज उपयोगी पडतो.

आणि ज्याच्यापाशी एवढाही पैसा नाही, त्याने निराश होण्याचे कारण नाही. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ जातीचे ताजे ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, परंतु ओलावा मुरलेल्या ऑइलच्या बाबतीत ही हमी १४० अंशांवर येते, आणि उकळलेल्या ऑइलच्या वाफेवर पेडल निव्वळ पोकळ दाबले जाते. म्हणून दर दोन वर्षांनी, शक्यतो पावसाळा सरताच, ऑइल बदलून हवा काढून घ्यावी. तडकलेले होज बदलावेत. चांगल्या प्रतीचे लायनर घालावेत. आणि जुन्या जीपला एकच परिपथ असेल, तर एक पाइप फुटला तरी दोन चाकांचे ब्रेक शाबूत ठेवणारा दुहेरी मास्टर सिलिंडर जाणत्या मेकॅनिककडून बसवून घ्यावा. मोठ्या डिस्कचा विचार त्यानंतरचा. माळशेजच्या माथ्यावर पोहोचल्यावर गाडी खालच्या गिअरमध्ये टाकावी आणि तोच गिअर पायथ्यापर्यंत ठेवावा, एवढे तर प्रत्येक चालकाला एक रुपयाही न खर्चता आजपासून करता येईल, आणि ते त्याने करावेच.