घडाघडा वाचतं, पण कळतं का?

तिसरीतलं मूल धडा घडाघडा वाचतं आणि ‘काय झालं गोष्टीत?’ विचारलं की गप्प! गफ आणि टनमर या अभ्यासकांनी १९८६ मध्ये याचं सूत्र मांडलं: आकलन म्हणजे अक्षरवाचन गुणिले भाषेची समज. बेरीज नव्हे, गुणाकार! एक बाजू शून्य, तर उत्तरही शून्य.

भाषेची ही समज वाढवायला चिऊ-काऊची गोष्ट घ्या. ‘काऊचं घर कशाचं?’ याचं उत्तर पानावरच सापडतं. त्याऐवजी ‘पावसात चिऊचं घर का नाही वाहून गेलं?’ असं विचारा. चिऊचं घर मेणाचं, हे गोष्ट सांगते; पण मेण पाण्यात विरघळत नाही, हे सांगत नाही. ते मुलाला स्वतः जोडावं लागतं. उत्तर लगेच पुरवू नका हं! थोडं थांबा. नजर पानावरून उठून खिडकीकडे गेली, ओठ पुटपुटायला लागले, की समजा जोडणं सुरू झालंय.