यंत्राची ओळख वहीत असावी
बांधकामावरील व्हायब्रेटर, ब्रेकर, कटर, पाण्याचा पंप ही यंत्रे एक-दोन माणसांना सहज उचलता येतात. म्हणूनच ती रात्रीतून नाहीशी होतात. कुलूपबंद कोठी आणि सायंकाळची मोजणी हवीच. परंतु चोरीनंतर उपयोगी पडते ती लेखी ओळख. खरेदीच्या दिवशीच यंत्राच्या पाटीवरील क्रमांक वहीत उतरवावा, बिल जपावे आणि सांगाड्यावर स्वतःची खूण कोरावी. अन्यथा पोलिसांना सापडलेले यंत्र आपलेच, हे कसे सिद्ध करणार? जुने यंत्र घेतानाही बिल व क्रमांक पडताळावा. चोरीचा माल आहे हे ठाऊक असून तो घेणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ नुसार गुन्हा आहे. अचौर्य अणुव्रताचा तो अतिचारही आहे. गिऱ्हाईकच उरले नाही, तर चोर यंत्र नेईल कशाला?