बृहदाकार रंगीत छायाचित्रणातील विभेदनक्षमता

८ × १० इंची फिल्मचे क्षेत्रफळ ३५ मि.मी. फिल्मच्या चौकटीच्या सुमारे ६० पट असते. त्यामुळे बृहदाकार कॅमेऱ्याची चर्चा बहुधा विभेदनक्षमतेवर, म्हणजे निकटच्या दोन रेषा वेगळ्या दाखविण्याच्या शक्तीवर, येऊन थांबते. रंगीत चित्राला तिचा उपयोग किती, हे क्वचितच तपासले जाते.

जवळचे व दूरचे सारेच स्पष्ट यावे म्हणून भिंगाचे छिद्र एफ/६४ पर्यंत लहान केले, की प्रकाशाचे विवर्तन आड येते. हिरव्या प्रकाशात दर मि.मी.ला सुमारे २८ रेषाजोड्या ही तेथील सैद्धांतिक कमाल मर्यादा होय. कितीही महाग भिंग ती ओलांडू शकत नाही. शिवाय २५ सें.मी. अंतरावरून निरोगी डोळा दर मि.मी.ला जेमतेम ७ जोड्या ओळखतो. म्हणजे फिल्मच्याच आकाराच्या कॉन्टॅक्ट प्रिंटमध्ये बरीचशी सूक्ष्मता डोळ्यापर्यंत पोहोचतच नाही. लांबी-रुंदी चौपट केल्यावर मात्र ती पुरी खर्ची पडते.

स्टीफन शोर यांनी जून १९७५ मध्ये लॉस एंजेलिस येथील बेव्हर्ली बुलेव्हार्ड व ला ब्रेआ अ‍ॅव्हेन्यूचा चौक ८ × १० कॅमेऱ्याने टिपला. पेट्रोल पंप, फलक, खांब यांच्यामधून दृष्टी सावकाश फिरते. येथे तपशील खरोखरच कामाचा आहे. परंतु आकाशाच्या रंगछटा अखंड भासतात त्या रेषांच्या संख्येमुळे नव्हेत. रंगीत फिल्ममधील रंजकद्रव्याचे सूक्ष्म ठिपके अल्प विवर्धनात दिसत नाहीत, हे त्याचे कारण. भिंतभर प्रिंटच्या बाबतीत प्रेक्षक किती जवळ येणार, हे छायाचित्रकाराने आधीच ठरवावे लागते.