तेल खरेच बदलले का?

मोटार सर्व्हिसिंगहून घरी येते. धुऊन-पुसून ती चकचकीत केलेली असते. बिलावर लिहिलेले असते, ‘इंजिन ऑइल बदलले’. पण तेल तर इंजिनाच्या पोटात! ते खरोखर बदलले का, आणि योग्य तेवढेच भरले का, हे कसे ओळखायचे?

अहिल्यानगरजवळ संरक्षण खात्याची वाहन संशोधन आणि विकास संस्था आहे. लष्करी वाहने तेथे चाचणीमार्गावर पळवून, मोजमापे घेऊन पारखली जातात. ‘चांगले दिसते’ एवढ्यावर तेथे भागत नाही. तीच शिस्त आपणही घरच्या मोटारीला किंवा ट्रॅक्टरला लावू शकतो. त्यासाठी लागते एक स्वच्छ फडके, एक वही आणि थोडा धीर.

आधी तेलाचे काम समजून घेऊ. इंजिनाचा दांडा मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला ५० फेरे झाले. एवढ्या वेगाने धातूवर धातू घासला, तर इंजिन पाहता पाहता जाम होईल. तेलाचा पातळ थर दोन्ही पृष्ठभाग वेगळे ठेवतो. शिवाय तेल उष्णता वाहून नेते आणि काजळी व धातूचा कीस आपल्यात धरून ठेवते. हा कचरा वाढला आणि तेलात मिसळलेली रसायने खर्ची पडली, की तेल बदलावे लागते. मोटारीसाठी ही वेळ किलोमीटर आणि महिने यांवर ठरते. ट्रॅक्टरसाठी इंजिन किती तास चालले यावर. गळिताच्या ऐन हंगामात प्रवरानगरच्या रस्त्यावर उसाने भरलेला ट्रॅक्टर इंजिन जाम होऊन उभा राहिला, तर शेतकऱ्याचे केवढे नुकसान होईल, याची कल्पना करा.

आता तपासणीकडे वळू. ती गाडी सर्व्हिसिंगला देण्यापूर्वीच सुरू होते. मीटरवरचा आकडा वहीत लिहा. इंजिन थंड असताना, मोठ्यांच्या मदतीने, तेलाच्या फिल्टरवर रंगाचा छोटा ठिपका द्या. गाडी देताना कारागिराला नम्रपणे सांगा, “दादा, जुना फिल्टर टाकून देऊ नका, आम्हाला पाहायचा आहे.”

गाडी परत आली, की ती सपाट जागी उभी करा. चढावर तेल एका बाजूला जाते आणि माप चुकते. इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटे थांबा, म्हणजे वरच्या भागातले तेल खाली चेंबरमध्ये उतरेल. मग तेल मोजायची पट्टी बाहेर काढा, पुसा, पूर्ण आत घाला आणि पुन्हा काढून पाहा. तेल दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेच्या जवळ असावे. कमी असेल, तर पंपाला तेल अपुरे पडेल. जास्त असेल तर? फिरणारा दांडा तेल घुसळून त्याचा फेस करील. फेसात हवा असते, आणि हवेचे वंगण होत नाही! म्हणून जास्त तेलही घातकच.

पण पातळी बरोबर आली म्हणजे तेल नवे, असे ठरत नाही. जुन्यात थोडे नवे ओतूनही पातळी साधते. मग रंग पाहू. पेट्रोल इंजिनात नवे तेल बहुधा मधासारखे सोनेरी दिसते. डिझेल इंजिनात मात्र आत उरलेली काजळी नव्या तेलात लगेच मिसळते आणि ते थोड्या वेळातच काळे पडते. तेव्हा डिझेल गाडीचे तेल काळे दिसले, म्हणून कारागिरावर आळ घेणे अन्यायाचे होईल.

येथे फिल्टर उपयोगी पडतो. रंगाचा ठिपका तसाच असेल, तर फिल्टर बदललेला नाही, हे उघड आहे. बिलही नीट वाचा. तेल किती लिटर भरले आणि कोणत्या श्रेणीचे, हे गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. ‘५डब्ल्यू-३०’ यातील पहिला भाग थंडीतला दाटपणा सांगतो. ‘३०’ हा आकडा तेल १०० अंश सेल्सिअसला किती दाट राहते, ते दर्शवतो. दाटपणालाच शास्त्रीय भाषेत श्यानता म्हणतात.

शेवटी, रात्री गाडीखाली जुने वर्तमानपत्र पसरून ठेवा. सकाळी त्यावर तेलाचा ताजा डाग दिसला, तर खालचा नट किंवा फिल्टर नीट बसलेला नाही. चावी फिरवल्यावर तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागतो. इंजिन सुरू होताच काही सेकंदांत तो विझला पाहिजे. विझला नाही, तर इंजिन ताबडतोब बंद करावे.

पाहिलेत ना? एकच खूण पुरेशी नसते. पातळी, रंग, फिल्टर, बिल आणि गळती या सर्वांची साक्ष जुळली, तरच निष्कर्ष काढावा. जुळली नाही, तर भांडण न करता वहीतल्या नोंदी दाखवून विचारावे. नोंदीला उत्तर द्यावेच लागते.

करून पाहा : टीपकागदाच्या दोन तुकड्यांवर नव्या आणि वापरलेल्या तेलाचा एकेक थेंब टाका व दुसऱ्या दिवशी पाहा. नव्याचा डाग स्वच्छ असेल. वापरलेल्याच्या मध्यभागी काजळी दिसेल. ती कडेपर्यंत सारखी पसरली असेल, तर तेलात काजळी विखरून धरण्याची शक्ती अजून आहे. मध्येच गडद गोळा होऊन राहिली असेल, तर ती शक्ती संपत आली आहे. नंतर हात साबणाने धुवा. वापरलेले तेल गटारात किंवा विहिरीजवळ कधीही ओतू नका. ते घातक कचऱ्यात मोडते.

विचार करा : १९७२ साली आलेल्या लूनाच्या इंजिनाचे तेल असे काढून बदलावे लागत नसे. का बरे? कारण तिच्या दोन-स्ट्रोक इंजिनात तेल पेट्रोलमध्येच मिसळून घालत आणि ते पेट्रोलबरोबर जळून जाई. मग तिच्या धुराचे काय होत असेल, ते तुम्हीच सांगा!