दम लवकर येतो, पाय मागून येतात

२८ सेकंद. टोकियो ऑलिम्पिकच्या क्रॉसकंट्रीत फवाद मिर्झा आणि त्याचा घोडा सिन्यॉर मेडिकॉट ठरलेल्या वेळेपेक्षा एवढेच उशिरा पोहोचले. सेकंदाला ०.४ दंडगुण, म्हणजे ११.२०. ड्रेसाजमध्ये २८ दंडगुणांवर असलेली जोडी ३९.२० वर गेली आणि शेवटी २३ वी आली. ऑलिम्पिकच्या इव्हेंटिंगमध्ये ही चांगलीच कामगिरी. पण ते २८ सेकंद कुठून येतात, हे पाहायचं तर स्पर्धेच्या कित्येक महिने आधी पागेत जावं लागतं.

इव्हेंटिंग म्हणजे काय, हे मित्रांना सांगताना मी असं सांगते : पहिल्या दिवशी भरतनाट्यमची परीक्षा, दुसऱ्या दिवशी पळत सिंहगड, तिसऱ्या दिवशी काचेच्या दुकानात उंच उड्या. आणि हे सगळं एकाच घोड्याने, एकाच स्वारासोबत करायचं. ड्रेसाज, क्रॉसकंट्री, शो जंपिंग. क्रॉसकंट्रीत वरच्या पातळीवर वेग असतो मिनिटाला ५७० मीटर, म्हणजे ताशी साधारण ३४ किलोमीटर. आमच्या कशेळीच्या पुलावर कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या माणसाला हा वेग स्वप्नवत वाटेल! त्यात वाटेत ओंडके, खंदक, पाणी. घोडा अडला तर २० दंडगुण.

तयारीतली खरी गंमत (आणि खरी भीती) घोड्याच्या शरीरात आहे. शांत उभ्या घोड्याचं हृदय मिनिटाला ३०-४० वेळा ठोकतं, जोरात धावताना तेच २०० च्या वर जातं. नियमित सराव मिळाला की काही आठवड्यांतच त्याचा दम वाढतो, स्नायू भरतात. पण हाडं आणि कंडरा फार सावकाश मजबूत होतात, त्यांना महिनेच्या महिने लागतात. म्हणजे मधला एक काळ असा येतो की घोडा स्वतःला तयार समजतो, लगाम ओढतो, अजून पळायला मागतो, आणि त्याचे पाय मात्र तयार नसतात. घाई करणारा स्वार नेमका इथे फसतो.

म्हणून सुरुवात कंटाळवाणी असते. आठवडेच्या आठवडे नुसती चाल, मग दुडकी, मग चढावर दुडकी. त्यानंतर टप्प्याटप्प्याने कँटर : पाच मिनिटं पळवायचं, तीन मिनिटं चालवायचं, असं दोन-तीनदा. आणि असा जोरदार दिवस रोज नसतो. मध्ये ड्रेसाज, उड्या, नुसती रपेट, विश्रांती. रोज सकाळी खोगीर चढवण्याआधी मोतद्दार चारही पायांवरून हात फिरवतो. कुठे गरम लागतंय का? कुठे सूज? त्या हाताचं म्हणणं अनेकदा कोचच्या वहीपेक्षा जास्त वजनदार ठरतं. मला विचाराल तर मेडलच्या फोटोत मोतद्दारालाही उभं करायला हवं.

मुंबईसारख्या दमट हवेत आणखी एक डोकेदुखी असते. आपल्यासारखाच घोडाही घामाने गार होतो, आणि हवेत ओल असली की घाम वाळतच नाही. म्हणून सराव पहाटे, नंतर अंगावर भरपूर गार पाणी, चंदीत क्षार. खाण्यावरही पहारा असतो. लाडाने भरवलेल्या चॉकलेटमधलं थिओब्रोमिनसुद्धा डोपिंग चाचणीत सापडू शकतं.

भारतीयांची अडचण तर घोड्याच्या पलीकडची. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये रघुबीर सिंग यांनी शहजादावर बसून वैयक्तिक सुवर्ण जिंकलं. घोडेस्वारीतलं पुढचं वैयक्तिक पदक यायला थेट २०१८ उजाडलं, मिर्झाचं रौप्य. आपल्याकडून घोडा परदेशी स्पर्धेला नेणं रोगांच्या नियमांमुळे इतकं किचकट होतं, की मोठं स्वप्न पाहणाऱ्याने युरोपातच घोडा घ्यायचा आणि तिथेच राहायचं. खर्च परवडला तर! जुलै २०२५ मध्ये मेरठ छावणीतल्या लष्करी पशुवैद्यकीय केंद्राच्या विभागाला घोड्यांच्या रोगांपासून मुक्त म्हणून जागतिक मान्यता मिळाली. भारतात तयार केलेला घोडा बाहेर जायची वाट त्यामुळे जरा मोकळी झाली. त्याच वर्षी पट्टायाच्या आशियाई स्पर्धेत आशिष लिमयेने इव्हेंटिंगचं वैयक्तिक सुवर्ण आणलं. आता नजर सप्टेंबर २०२६ च्या आयची-नागोया एशियाडवर.

पण एवढी तयारी करूनही काय होऊ शकतं, तेही टोकियोतच दिसलं. स्वित्झर्लंडचा जेट सेट, वय १४, क्रॉसकंट्री संपत आली असताना लंगडू लागला. पायाचं अस्थिबंधन तुटलं होतं. त्याला दयामरण द्यावं लागलं.

त्यामुळे क्रॉसकंट्रीनंतरच्या रात्री तबेल्यात फार कुणी झोपत नाही. बर्फ, मालीश, पुन्हा बर्फ, घोड्याला अधूनमधून हळूहळू चालवणं. सकाळी त्याला खरारा करून, आयाळ विंचरून पंच आणि पशुवैद्यांसमोर कडक जमिनीवर दुडकत न्यायचं. स्वार शेजारी पायी धावतो. पंचांना चाल स्वच्छ वाटली तरच तिसऱ्या दिवशी उड्या मारायला मिळतात. काही स्वार तिथवर जातच नाहीत, रात्रीच माघार कळवतात.