नोकरी सांभाळून शिक्षण : आधी दोन हिशेब

जपानमध्ये नोकरी करता करता पुढे शिकावे, असे आपल्यापैकी अनेकांना वाटते. मीही सध्या दिवसा सॉफ्टवेअरचे काम आणि संध्याकाळी वर्ग अशी कसरत करतो आहे. मंडळी, प्रवेशापूर्वी दोन हिशेब जरूर मांडा.

पहिला पैशांचा. राष्ट्रीय विद्यापीठाची प्रमाणित फी वर्षाला ५,३५,८०० येन. प्रवेशशुल्क २,८२,००० येन वेगळे. पगारातून कोयो होकेनचा, म्हणजे रोजगार विम्याचा, हप्ता कापला जातो. त्यातून मान्यताप्राप्त ‘सेन्मोन जिस्सेन’ अभ्यासक्रमाची निम्मी फी, वर्षाला ४ लाख येनपर्यंत, परत मिळू शकते. पहिल्यांदा लाभ घेणाऱ्याचा विमा २ वर्षांचा हवा. अर्ज मात्र वर्ग सुरू होण्याच्या २ आठवडे आधीपर्यंत ‘हॅलो वर्क’मध्ये द्यावा लागतो. पैसे सहामाहीनंतर येतात. सुरुवातीची फी शिलकीतूनच भरायची.

दुसरा हिशेब झोपेचा. आरोग्य मंत्रालयाची २०२३ची मार्गदर्शिका प्रौढांना किमान ६ तास झोप सांगते. प्रवास, ऑफिस, वर्ग आणि घर धरून तेवढे तास उरत नसतील, तर ‘चोकी रिशू’विषयी विचारा. अनेक विद्यापीठांत या सवलतीने दोन वर्षांचा अभ्यासक्रम तीन-चार वर्षांत पुरा करता येतो. पदवी वर्षभर उशिरा मिळाली तरी चालेल. मुलांचे बालपण आणि आपली तब्येत थांबत नाहीत.